घासलेली नावं

कुणाच्या घरी गेले आणि पाण्याचा तांब्या पुढं आला, की पाणी पिऊन झाल्यावर मी तो हळूच उलटा करून बघते. बुडाला अक्षरं आहेत का, पोटाला आहेत का, काठाखाली आहेत का. साठी उलटली तरी ही खोड गेली नाही. सूनबाई डोळ्यांनी दटावते. तिला वाटतं, सासू तांब्याचं वजन करतेय. एकदा एका व्याह्यांकडे तळाला राहिलेलं पाणी माझ्याच मांडीवर सांडलं, तेव्हा घरी आल्यावर तिनं दोन दिवस अबोला धरला. मी काय शोधते ते तिला मी सांगितलेलं नाही. सांगायचं तर आधी मी किती भित्री होते ते सांगावं लागतं, आणि मग मी काय करून बसले होते तेही.

आमच्या दोन खोल्या चादरीच्या कारखान्याला लागून होत्या. आमची चूल आणि त्यांचे माग यांच्यामध्ये एकच भिंत. दिवसभर खटखट खटखट चालायची आणि मांडणीवरची भांडी बारीक थरथरत असायची. त्या आवाजाची मला कधी भीती वाटली नाही. वीज गेली आणि माग एकदम थांबले की मात्र मी असेन तिथून आईजवळ पळायचे. माझे वडील, अण्णा, त्याच कारखान्यात चादरींच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचे. आई मंद्रूपची. तिच्या माहेरची ज्वारी यायची. तिच्या भाकऱ्या ती कडक करून फडक्यात बांधून ठेवायची, आणि शेंगाची चटणी उखळात इतकी कुटायची की तेल सुटून तिच्या मनगटापर्यंत यायचं. घरात आम्ही दोघी बहिणी. मंगलआक्का मोठी, कुणाला न भिणारी. मी पोलिसाला भ्यायचे, पांढऱ्या बैलाला भ्यायचे, उंबऱ्यावर कुणी शिंकलं तरी भ्यायचे. घरात मला भागूबाईच म्हणत. आई म्हणायची, भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस, तू भ्यायचं सोड म्हणजे तो दुसरं गिऱ्हाईक बघंल.

एका जागी मात्र माझी भीती पळून जायची. रविवारचा जुना बाजार. जेवणं उरकली की आई डोक्यावर पदर घ्यायची, मी पिशवी घ्यायचे, आणि आम्ही दोघी निघायचो. जमिनीवर पोती अंथरलेली आणि त्यांवर सगळ्या जगाचं सामान. काटे नसलेली घड्याळं, एका काडीचे चष्मे, शिवणयंत्राची चाकं, कंदिलाच्या काचा, अडकित्ते, दौती. एका पोत्यावर नुसती कुलपं आणि लांब दुसऱ्या पोत्यावर नुसत्या किल्ल्या. ह्यातल्या एखाद्या कुलपाची किल्ली तिकडच्या ढिगात असणारच, असं धरून मी एकदा सगळी दुपार किल्ल्या लावून बघत बसले, आणि शेवटी एक लागली. कुलूप टक्कन उघडलं तेव्हा भोवतीच्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते कुलूप अजून माझ्या ट्रंकेला आहे. नव्या दुकानात जे मागाल ते मिळतं, पण आपण काय मागणार आहोत हेच माहीत नसण्यात जी मजा आहे ती तिथं नाही.

त्या दिवसांत सगळ्यांना स्टीलचं वेड लागलं होतं. बायका पितळ देऊन स्टील आणायच्या आणि ते पितळ जुन्या बाजारात ढिगानं येऊन पडायचं. त्या ढिगाशी एक चाचा बसायचा. भांडं घ्यायला वाकलं की तो म्हणायचा, "उलटा करके देखो बेटी, सीधा तो सबच अच्छा दिखता." आईला सांगायची गरज नव्हती. ती बोटाच्या पेरानं भांड्यावर टकटक करून कान लावायची. चीर असेल तर आवाज बसका येतो. मग भांडं उन्हाकडे धरून आत डोकवायची. बारीकसं भोक असलं तर आत लख्ख ठिपका दिसायचा. माझं काम नावं वाचण्याचं, कारण आईला अक्षर येत नव्हतं. तेव्हा प्रत्येक भांड्यावर बारक्या छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं असायचं. कुणा लीलाबाईला मामाकडून भेट, कुणा इंदूला आत्याकडून. मी वाचायचे आणि आई ऐकून नुसती मान हलवायची.

आक्काचं लग्न ठरलं आणि ह्या गमतीत भीती शिरली. मुलगा एसटीत कंडक्टर, माणसं सरळ, त्यांनी काही मागितलं नव्हतं. पण रुखवत तर मांडावंच लागतं, आणि रुखवतातलं एकेक भांडं वरपक्षाकडच्या बायका हातात घेऊन निरखतात. नव्या भांड्यांची आमची ऐपत नव्हती. आईनं ठरवलं, भांडी जुन्या बाजारातून आणायची, वरची नावं घासून काढायची, आणि नाव घालणाऱ्याकडून त्यावर आक्काचं नाव घालून घ्यायचं. अण्णांना सांगितलं की मंद्रूपच्या मामानं पाठवली. खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक. मी आईला विचारलं, त्यांना कळलं तर काय होईल.

"कळलं तर आक्काला जलमभर ऐकून घ्यावं लागंल," आई म्हणाली. "जुनी भांडी घिऊन आली म्हणून. तवा नीट घास."

तिनं हे साधेपणानं सांगितलं, पण आक्काचं सगळं आयुष्य माझ्या दहा बोटांवर येऊन बसलं. शाळेतून आले की परसात बसून मी चिंच, विटेची भुकटी आणि पॉलिशपेपर घेऊन नावं घासायचे. हातानं ठोकलेली अक्षरं खोल असतात, सहजी जात नाहीत. लीलाबाई गेली, इंदू गेली. एका कळशीवर आणि एका डब्यावर कानडी अक्षरं होती. मला कानडी येत नव्हतं, त्यामुळं कुणाला पुसतेय हेही कळत नव्हतं. तीही घासली. मग आला तांब्या. आईला सगळ्यांत आवडलेला, गोल पोटाचा, बारीक मानेचा, वाजवला तर देवळातल्या घंटेसारखा. त्याच्या पोटाभोवती कानडी अक्षरांची एक ओळ फिरली होती, आणि ती फार खोल होती. तोवर माझ्या बोटांची सालं निघाली होती. मी आईला म्हणाले, "आई, ही नक्षी हाय."

आईनं तांब्या उजेडात फिरवून बघितला. म्हणाली, "वेलच दिसतीया. असू दे मग, चांगली हाय."

आमच्या गल्लीतल्या अर्ध्या पाट्या कानडी आणि तेलुगू. ती अक्षरं आहेत हे मला पक्कं माहीत होतं. मी आईशी खोटं बोलले ते कंटाळून, दुसरं काही कारण नव्हतं. गळ्यापाशी आक्काचं नाव घालून झालं, भांडी राखेनं लखलखीत केली, आणि तो वेल तसाच राहिला.

लग्न कारखान्यापुढच्या मांडवात झालं. एका बाजूला पांढरं फडकं अंथरून रुखवत मांडलं होतं आणि मी तिथून हलत नव्हते. वरपक्षाकडची बाई भांड्याला हात लावायची आणि माझे कान गरम व्हायचे. पण कुणी काही बोललं नाही. उलट पितळ चांगलं जाड आहे असंच म्हणाल्या. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी गल्लीतल्या बसम्मा आल्या. शेवया करून विकायच्या, घरात कानडी बोलायच्या. त्यांनी तांब्या उचलला आणि पोटावरून बोट फिरवत ओळ वाचली. मग माझ्याकडे वाकून खालच्या आवाजात म्हणाल्या, "दिवंगत मल्लव्वा, असं लिव्हलंय की गं ह्येच्यावर. मेलेल्या बाईच्या आठवणीला वाटलेला हाय ह्यो. लग्नात कसा काय ठिवला?" पहिल्या चार अक्षरांवर त्यांनी नख टेकवून दाखवलं. मधे अनुस्वाराचं एक वाटोळं शून्य होतं. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्या मांडवाकडे गेल्या. माझ्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. सगळं झाल्यावर मूठ उघडली तेव्हा तांदूळ घामानं तळव्याला चिकटले होते.

आईला सांगावं तर नक्षीचं खोटं उघडं पडणार. न सांगावं तर मेलेल्या बाईचा तांब्या आक्काच्या संसारात जाणार. मी विचार करेपर्यंत भांडी पेटीत गेली, पेटी टेम्पोत गेली, आणि पाठराखीण म्हणून आक्काच्या शेजारी मीही. नव्या नवरीला करमावं म्हणून धाकट्या बहिणीनं चार-आठ दिवस तिच्या सासरी राहायचं, ही रीत. आक्काचा हात माझ्या हातात होता. तिला वाटत होतं, मी तिच्या धीराला आलेय.

आक्काचं सासर शहरातच, गिरणीच्या चाळीत. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण चाळ होती. सासरे पूर्वी गिरणीत कामाला, सतत खोकायचे. सासू बारकी, उभ्या अंगाची, कमी बोलणारी. आक्का तिला आत्याबाई म्हणायची, म्हणून मीही. उंबरा ओलांडून आत गेलो, आणि नव्या सुनेच्या हातचं पाणी सगळ्यांना हवं म्हणून आत्याबाईंनी स्वतः पेटी उघडून भांडं काढलं. इतकी भांडी असताना नेमका तोच तांब्या. सासरे पाणी प्यायले आणि त्यांना जो ठसका लागला तो थांबेचना. दुसऱ्या दिवशी दाजी सायकलवरून पडून गुडघा फोडून आले. तिसऱ्या दिवशी आक्काला ताप भरला.

आज मी हे लिहिताना हसू शकते. तेव्हा नाही हसले. मल्लव्वा मला दिसायला लागली. पाण्याच्या माठामागं ती बसलेली आहे, हिरवं लुगडं, उघडं कपाळ, आणि आपला तांब्या कोण हाताळतंय ते बघतेय. आक्का तापानं कण्हत होती आणि तिच्या उशाशी तोच तांब्या भरून ठेवलेला. मी सिद्धरामेश्वराला नवस बोलले की आक्काला वाचव, मी वर्षभर शेंगाची चटणी खाणार नाही. तरी ताप उतरेना. मग मला वाटलं, ही चटणीनं ऐकणारी नाही. नाव पुसल्याशिवाय ती जायची नाही.

दुपारची वेळ होती. सासरे आडवे झाले होते, दाजी ड्यूटीवर, आत्याबाई दळण आणायला गेल्या होत्या. मी तांब्यातलं पाणी ओतलं आणि मोरीत बसून विटेच्या तुकड्यानं ती अक्षरं घासायला लागले. वीट करकर वाजत होती. किती वेळ गेला माहीत नाही. मागून आवाज आला.

"कशापायी घासतीस? मी पैल्याच दिशी वाचलंय ते."

दळणाचा डबा कडेवर घेऊन आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर अक्कलकोटाकडचं, तिकडं कानडी चालतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या हातून वीट पडली. मी रडत रडत सगळं ओकले. जुना बाजार, पुसलेली नावं, अण्णांना सांगितलेली थाप, नक्षीचं खोटं. शेवटी म्हणाले की चूक माझी आहे, आक्काला काही बोलू नका, तिला यातलं काहीच माहीत नाही. आणि मग डोळे गच्च मिटून थांबले. आता आक्काची भांडी अंगणात येऊन पडणार आणि सगळी चाळ गोळा होणार, असंच मला वाटत होतं.

आत्याबाईंनी डबा खाली ठेवला, माझा हात धरला आणि मला मांडणीपाशी नेलं. एकेक भांडं काढून त्या माझ्या पुढ्यात उलटं करत गेल्या. परातीवर कुणी पार्वती. पातेल्यावर कुणी सोनुबाई. हंड्यावरचं नाव अर्धं झिजलेलं.

"गिरणी बंद झाली तवा माझी समदी भांडी त्याच बाजारात गेली," त्या म्हणाल्या. "मागनं जमल तशी तितनंच दुसरी आणली. माझ्या नावाचं एक बी भांडं ह्या घरात न्हाय. लोकांच्या नावात सैपाक करतीया मी." मग तांब्या उचलून त्यांनी पदरानं पुसला. "मल्लव्वा काय करती गं कुणाला? तिच्या नावानं कोण तरी रोज पानी पितंय. नाव घासू नगंस कुनाचं."

मी विचारलं, मग आक्काला ताप का आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लग्नात चार दिस उपाशी नाचली, म्हून आला," म्हणाल्या.

मग त्यांनी चुलीतली मूठभर राख घेतली, फरशीवर पसरली आणि बोटानं त्यात अक्षरं काढली. गौरव्वा. लग्नाआधीचं त्यांचं नाव. सासरी आल्यावर ते बदललं आणि मग कुणीच त्या नावानं हाक मारली नाही. पण वडिलांनी दिलेल्या भांड्यांवर कानडीत तेच नाव होतं. शेवटचं अक्षर होतं 'व', आणि त्याच्या पायाशी आणखी एक बारका 'व'. "तू बाजारात जातीस न्हवं? हे कुटं दिसलं तर मला सांग. माझं एक तरी घावू दे," त्या म्हणाल्या आणि राख हातानं पुसून टाकली. हे कुणाला सांगायचं नाही, असं आम्हा दोघींचं ठरलं. आक्काचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. सासरे खोकतच राहिले, आधीपासून खोकत होते तसेच.

माझी भीती तिथंच संपायला हवी होती. घरी जाताना मी रस्ताभर राखेतली ती अक्षरं मनात गिरवत होते आणि मधेच पाय थांबले. 'व'च्या पायाशी बारका 'व'. मल्लव्वाच्या ओळीतही ते होतं, पण त्याच्याही आधी मी ते कुठंतरी बघितलं होतं. पॉलिशपेपरखाली, परसात. कळशीवर होतं की डब्यावर? की माझं भित्रं मन आता उगाच दाखवत होतं? घरी जाऊन उपयोग नव्हता, भांडी आक्काच्याच घरात होती. पुढच्या खेपेला गेले तेव्हा कळशी खिडकीशी नेऊन तिरकी धरून बघितली, डबाही बघितला. इतकी चांगली घासली होती मी, की काहीच दिसलं नाही. त्या कळशीनं आत्याबाई रोज पाणी भरत होत्या.

हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आईलाही नाही. मल्लव्वाची भीती चार दिवसांची होती, ही जन्माची झाली. दर रविवारी मी बाजारात जायचे, आणि जाताना आता दोन प्रकारची भीती असायची. नाव सापडणार नाही ही एक, आणि माझ्यासारखी एखादी मुलगी कुठल्याशा परसात आत्ता ते नाव घासत बसली असेल ही दुसरी. दोन कानडी शब्द तेवढे मला वाचता येऊ लागले होते, दिवंगत आणि गौरव्वा. तिसरा आजही येत नाही. आक्काकडे गेले की आत्याबाई सगळ्यांदेखत काही विचारायच्या नाहीत. चहाचा कप देताना हळूच म्हणायच्या, "घावलं का?" आणि मी म्हणायचे, न्हाय आत्याबाई. किती वर्षं म्हणत होते ते मोजलं नाही. त्या गेल्या तेव्हा आक्कानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं ते मल्लव्वाच्या तांब्यातून.

जुना बाजार आता बदललाय. पितळेला पुन्हा दिवस आलेत. पुण्याची मुलं येतात, अडकित्त्यांचे फोटो काढतात, सगळ्याला विंटेज म्हणतात आणि दुप्पट भावानं घेऊन जातात. चाचाच्या जागी त्याचा मुलगा बसतो, त्याचीही दाढी पांढरी झाली. गेल्या वर्षी सिद्धरामेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर मी सहज गेले होते. सवयीनं एक तांब्या उचलला, सवयीनं उलटा केला. पोटाभोवती कानडी अक्षरं. आधी ते वाटोळं शून्य दिसलं, दिवंगतचं. मग बोट पुढं सरकलं. राखेत बघितलेलं तेच पहिलं अक्षर, आणि शेवटच्या अक्षराच्या पायाशी बारका 'व'.

दिवंगत गौरव्वा. त्यांच्या माहेरच्यांनी वर्षश्राद्धाला वाटलेला असणार. सासरी कुणी न घेतलेलं नाव भावाच्या मुलांनी घातलं होतं, आणि ज्याला मिळाला त्यानं तांब्या बाजारात नेऊन विकला होता. मी त्या ओळीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. चाचाच्या मुलाला वाटलं, मी नावामुळंच अडलेय. त्यानं बाजूचं पॉलिशचं मशीन पुढं ओढलं.

"मावशी, नाव घासून देऊ का? पाच मिनिटांत नवा दिसंल."

"नको," मी म्हणाले. "हे एक राहू द्या."